बरोबरी पुरे होती

बाबांच्या हृदयात स्टेंट बसवून साडेचार महिने झाले होते आणि आमच्या वस्तीच्या फुटबॉल संघाची प्लेऑफची मॅच सहा दिवसांवर आली होती. त्या आठवड्यात मी धड जेवले नाही आणि एका जागी बसलेही नाही. बाबा मात्र बसून होते, कारण मीच त्यांना बसवून ठेवलं होतं.

आमचं घर जरीपटक्याच्या अलीकडे, एका अरुंद गल्लीत. घरात आम्ही दोघंच. आई गेली त्याला आठ वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. सदरमधल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी नोंदणीच्या काउंटरवर बसते. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झाले, पण वस्तीत त्यांना त्या नोकरीवरून कोणी ओळखत नाही. ओळखतात ते स्टॉपर म्हणून. तरुणपणी बारा वर्षं ते याच संघाच्या बचावफळीच्या मधोमध उभे राहिले. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मैदानावर जायचे. गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या मुलीला तिच्या बापाने मैदानावर नेल्याचं मला आठवत नाही.

प्लेऑफचा हिशोब सोपा होता. खालच्या गटातून वरच्या गटात एकच जागा उरली होती. गुणतक्त्यात आम्ही दुसरे, छावणीकडचा संघ तिसरा. दोघांत एकच सामना. जिंकेल तो वर जाणार. बरोबरी झाली तर ज्याचं स्थान वरचं तो, म्हणजे आम्ही. जादा वेळ नाही, पेनल्टी नाहीत. आम्हाला बरोबरी पुरे होती. सगळं भांडण त्या एका वाक्यातून सुरू झालं.

रविवारी संध्याकाळी संघाचा प्रशिक्षक आमच्या ओसरीत आला. पस्तिशीचा, एका खासगी शाळेत खेळ शिकवणारा, वस्तीतच वाढलेला माणूस. त्याच्या आधीच काका येऊन बसले होते. काका म्हणजे बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. मूळचे पारशिवनीकडचे, रेल्वेच्या कामासाठी शहरात आले आणि इथलेच झाले. बाबा स्टॉपर खेळायचे तेव्हा काका डावीकडून आघाडीवर पळायचे. आता गुडघ्यांनी दगा दिलाय, पण जुन्या मोपेडवरून अजूनही तसेच पळतात.

बाबांनी कॅरमचा बोर्ड मांडीवर घेतला. पांढऱ्या सोंगट्या आपल्या, काळ्या त्यांच्या. क्वीन म्हणजे बॉल.

"पाच मागं," बाबांनी सोंगट्या लावत सांगितलं. "त्यायच्या समोर तिघं. वर एकच पोरगा. बॉल त्यायच्याजवळ राहू दे, मधात कितीही फिरवू दे. मार्चची चार वाजताची ऊन हाय. सत्तर मिनिटांत त्यायची हवा निंगून जाते."

"अन् तोवर आपण काय करायचं? आरती ओवाळायची का?" काका म्हणाले.

"आपल्याले बरोबरी पुरे हाय गा."

"हेच तं! पुरे हाय म्हणून खेळाले उतरलं की तेवढंही भेटत नाई." काकांनी बोर्डावरच्या दोन पांढऱ्या सोंगट्या उचलून थेट पुढे ठेवल्या. "हे पाय. आपल्या डावीकडचा पोरगा त्यायच्या कोणाच्या हाती लागत नाई. पहिल्या पंधरा मिनिटांत एक टाकला तं त्यायले दोन लागते. मंग बस ना मागं, किती बसतं ते. पण नव्वद मिनिटं गोलसमोरच्या पेटीत बसून राहिलं, तं मैदान कसं हाय तुले माहीत नाई का? दगड हाय दगड. एक बॉल वाकडा उसळला की खेळ खतम."

"अन् आपण दोघं समोर गेलो, बॉल कटला, मागून निंगाला तं? मागं कोण राहते? तुही मोपेड?"

प्रशिक्षक हसला. ते दोघे हसले नाहीत.

मी चहा घेऊन आले तोवर गाडी जुन्या मॅचवर गेली होती. ती मॅच मी लहानपणापासून ऐकत आलेय. उपांत्य फेरी, शेवटची दहा मिनिटं, बरोबरी आणि मग गोल. बाबांच्या मते काका मागे आले नाहीत म्हणून गोल झाला. काकांच्या मते सगळे बाबांच्या सांगण्यावरून पेटीत गोळा झाले होते, पुढे बॉल धरायला माणूसच नव्हता, म्हणून झाला. दोघांचं सांगणं कधी बदललं नव्हतं. त्या दिवशी मात्र काका एक पाऊल पुढे गेले.

"तू तवाही भेला होता," ते म्हणाले. "अन् आताही भेऊन राहिला. घरात बसून डाव लावून राहिला फक्त."

बाबांच्या हातातली सोंगटी तशीच राहिली. अवघडून गेलेला प्रशिक्षक माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही काय म्हणता? तुम्ही पण इतके वर्षं पाहून राहिल्या."

मला हे कधी कोणी विचारलं नव्हतं. खरं म्हणजे मला काकांचं पटत होतं. डावीकडच्या त्या पोराला मी अख्खा मोसम पाहिलं होतं, आणि छावणीवाल्यांचा उजवा बचावपटू जड होता. पण माझं लक्ष बाबांच्या छातीकडे होतं. शर्ट जरा जोरात वरखाली होतोय असं मला वाटत होतं.

"बाबा म्हणतात तेच बरोबर," मी म्हटलं. "बरोबरी पुरे आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि ते उठले. मोपेडचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

त्या रात्री जेवताना बाबांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "शनिवारी रिक्षा सांगून ठेव. खुर्चीची सोय मैदानावर होऊन जाईन."

"डॉक्टरांनी मनाई केलीय," मी म्हणाले.

डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले होते, उन्हात फिरू नका, जिने चढू नका, दगदग नको. मॅचचं मी त्यांना विचारलंच नव्हतं. ते हो म्हणाले असते तर मी काय केलं असतं?

बाबांनी "बरं" म्हटलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे पाच दिवस काका आले नाहीत. रोज सकाळी बुद्धवंदना झाली की बाबा ओसरीत येऊन बसत. पेपर हातात, पण गल्लीतून कोणतीही दुचाकी गेली की मान वर. मी विचारलं, फोन लावू का काकांना? तर म्हणाले, "कायले? मले काय काम हाय त्याचं?" आणि पेपरचं तेच पान पुन्हा वाचू लागले.

दवाखान्यात मी निम्मी तिथे, निम्मी मैदानावर. एका आजीबाईंच्या केसपेपरवर उजव्याऐवजी डावा डोळा लिहिला. बाईंनी मला नाव, गाव सांगताना डोळ्यावर हात ठेवून दाखवलं होतं, तरी मी डावा लिहिला. त्यांनीच वाकून पाहिलं. वाचता येत असावं. "बाई, हा नाई वं, तो," त्या म्हणाल्या. मी खोडून नीट केलं आणि पाणी प्यायला म्हणून उठून गेले. जिन्यात उभी राहून स्वतःला विचारलं, तुला नक्की कशाची भीती वाटतेय? संघ हरेल याची की बाबा मैदानावर येतील याची? की ते येणार नाहीत आणि संघ त्यांच्याशिवाय जिंकेल याची? घरी आले की भांडी घासलेली पुन्हा घासायची, वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर टाकायचे. बाबा बघत असत.

शनिवारी दुपारी तीनला गल्लीत मोपेड थांबली. काका आत आले नाहीत. फाटकाबाहेरूनच त्यांनी हॉर्न दिला.

"येऊन राहिला का तो?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. डॉक्टरांनी..."

"हो, समजलं." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मंग तू तरी चाल."

मी वळले तर बाबा दारात उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चामडी चप्पल. शर्टाला इस्त्री त्यांनीच केली होती, मी नव्हती केली. ते कुठेही जाणार नव्हते, तरी तयार झाले होते. मित्राकडे न बघता ते मला म्हणाले, "फोन चालू ठेवजो. अखेरपर्यंत."

शेजारच्या वहिनींना त्यांच्याजवळ बसायला सांगून मी काकांच्या मागे मोपेडवर बसले. पन्नाशीच्या बाईने असं बसावं का, हे त्या दिवशी डोक्यातही आलं नाही. वाटेत काका एकच वाक्य बोलले. "बाई, तू त्या दिवशी खरं नाई बोलली."

मैदान भरलं होतं. एका बाजूला आमची वस्ती, समोरच्या बाजूला छावणीवाले ढोल घेऊन. आमचा संघ उतरला तेव्हा मी मोजलं. मागे पाच. प्रशिक्षकाने बाबांचाच बोर्ड उचलून मैदानावर मांडला होता. काकांनी सुपारी तोंडात टाकली आणि हाताची घडी घातली.

पहिला अर्धा भाग बघवत नव्हता. छावणीवाले बॉल फिरवत होते, आमचे लोक सरकत होते. बॉल आला की लांब मारायचा आणि परत येण्याची वाट पाहायची. डावीकडचा पोरगा पुढे एकटा उभा, कमरेवर हात ठेवून. आमच्याच बाजूची माणसं ओरडू लागली. "अबे, खेळाले आले का पहारा द्याले?" दुसरा म्हणाला, "चूप बस, टेबल पाय, बरोबरी पुरे हाय." पाठीमागे दोघांची चांगलीच जुंपली. मी फोन कानाला लावून बाबांना सगळं सांगत होते आणि ते फक्त "हं, हं" करत होते. मध्येच एकदा म्हणाले, "दोन नंबरच्या पोराले सांगाव लागते, इतका आत नको येऊ." तो पोरगा खरंच आत येत होता. त्यांना घरी बसून कसं कळलं, मला माहीत नाही.

मध्यंतराला शून्य-शून्य.

दुसऱ्या अर्ध्यात पंचवीसेक मिनिटं झाली असतील. त्यांनी उजवीकडून बॉल आत टाकला. आमचा स्टॉपर अगदी योग्य जागी उभा होता. पण टणक जमिनीवर बॉल पडला, वाकडा उसळला, त्याच्या गुडघ्याला लागला आणि आमच्याच जाळीत गेला.

"काय झालं?" फोनवर बाबा.

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. "काही नाही," मी म्हणाले. "कॉर्नर आहे."

"शून्य-शून्यच?"

"हो."

बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "कोणाले सांगून राहिली वं तू? आपला गोल झाला तं तुह्या जवळून आवाज येते. त्यायचा झाला तं तुह्या जवळचे चूप होते अन् आवाज दुरून येते. आता दुरून आला."

काका बाजूला उभे राहून माझं तोंड पाहत होते.

"किती टाईम राहिला?" बाबांनी विचारलं.

"वीस मिनिटं."

"मंग आता कोणती बरोबरी राखून राहिले ते? त्याले सांग, मागचा एक काढ. डावीकडे दोन कर. सगळे समोर टाक. जा लवकर."

मी गर्दीतून वाट काढत रेषेच्या कडेने पळत गेले. माझी ओढणी कुणाच्या तरी सायकलच्या हँडलला अडकली, ती तशीच ओढून घेतली. प्रशिक्षक पाण्याच्या बाटल्यांजवळ उभा होता, चेहरा घामाने भिजलेला. मी त्याला निरोप सांगितला.

"बाबा म्हणाले?" त्याने विचारलं. "नक्की बाबाच?"

"नक्की."

त्याने मागचा एक माणूस बाहेर बोलावला आणि एक चपळ पोरगा डावीकडे आत पाठवला. मी फार मोठं काही केलं असं नाही. तो पोरगा आधीच जर्सी घालून उभा होता, कदाचित मिनिटभरात त्याने तेच केलं असतं. पण त्यानंतर खेळ एकदम उघडा झाला. आमचा डावा पोरगा दोनदा आत घुसला. तिसऱ्यांदा त्याने बॉल गोलसमोर टाकला, त्यांच्या गोलकीपरच्या हातून सुटला, पाच-सहा पायांचा गुंता झाला आणि बॉल आत. कोणाचा पाय लागला त्यावर अजून एकमत नाही. मी फोन हातात उंच धरला. बाबांना सांगायची गरज नव्हती.

एक-एक. सहा मिनिटं बाकी. आता पुन्हा बरोबरी पुरे होती.

तेव्हा मी काकांना पाहिलं. आयुष्यभर पुढे पळालेला तो माणूस रेषेवर उभा राहून दोन्ही हात मागे नेत बोंबलत होता. "मागं या रे! सगळे मागं या! पेटीत या!" त्यांच्या शेजारचे चारजण "अजून एक, अजून एक" म्हणून ओरडत होते. फोनमधून बाबा काहीतरी सांगत होते, ते मला त्या गोंगाटात समजलंच नाही. प्रशिक्षक ओरडत होता, तेही कोणाला ऐकू गेलं नसेल. मैदानावर आमचे अर्धे लोक मागे धावले, डावीकडचे दोघे पुढेच राहिले. मध्ये भलीमोठी रिकामी जागा पडली. छावणीवाल्यांचा एक बारीकसा पोरगा त्या जागेतून बॉल घेऊन निघाला. त्याला कोणी अडवलं नाही. अडवायचं कोणी, हेच ठरलेलं नव्हतं.

एक-दोन. पुन्हा दुरून आवाज आला आणि त्यानंतर थोड्याच वेळात शिट्टी.

आमचा स्टॉपर गुडघ्यावर बसून राहिला. प्रशिक्षक त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. काका म्हणाले, "चाल." त्यांचा आवाज पूर्ण बसला होता.

घरी पोचलो तेव्हा बाबा फाटकाशी उभे होते. मी मोपेडवरून उतरले आणि यावेळी सरळ सांगितलं, "हरलो बाबा."

"माहीत हाय." मग ते काकांकडे वळले. पाच दिवसांनी पहिल्यांदा. "अंदर ये. बाहेर काहून उभा हाय?"

काका आत येऊन पाणी पिऊ लागले. बाबांनी मला ओसरीत थांबवलं. ते चिडले होते, मॅचवर नाही.

"मले शून्य-शून्य काहून सांगितलं?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून."

"हरून राहिलो तं हरून राहिलो म्हणाव. मी का मरून राहिलो का?" त्यांनी श्वास घेतला. मी लगेच त्यांच्या छातीकडे पाहिलं आणि ते त्यांना दिसलं. "हे पाय, हे असं. दिवसभर तू माह्या तोंडाकडे नाई पाहत, इकडे पाहतं. अन् डॉक्टरनं मना नव्हतं केलं. मी सोमवारीच फोन लावून इचारलं होतं त्याले. टोपी घाला, सावलीत बसा, म्हणे."

"मग आला का नाहीत?"

गल्लीतून हरलेल्या पोरांचा घोळका मान खाली घालून चालला होता. तो जाईपर्यंत बाबा थांबले.

"तू भेली होती ना," ते म्हणाले. "मी आलो असतो तं तुनं मॅच पाह्यली नसती. मलेच पाह्यलं असतं."

मी रडले. बऱ्याच दिवसांनी रडले. आतून काकांचा बसलेला आवाज आला, "चहा करतं का बाई, का मीच ठेवू?" बाबा म्हणाले, "तू नको ठेवू, साखरच टाकतं नुसती." मी डोळे पुसले आणि आत गेले.

त्यानंतर लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. बाबा रात्री खोकले की मी अजूनही उठते. पण पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांसमोर बसून सगळे प्रश्न स्वतः विचारले, अगदी मॅचचासुद्धा, आणि ते जे म्हणाले ते बाबांच्या समोर म्हणाले. स्टॉपर खेळलेला तो पोरगा महिनाभर गल्लीतून तोंड लपवून फिरायचा. एक दिवस बाबांनी त्याला हाक मारून ओसरीत बसवलं, तासभर. काय बोलले मी विचारलं नाही. तो जाताना हसत होता, एवढं पाहिलं.

नवा मोसम पाऊस संपल्यावर सुरू झाला. आम्ही अर्थातच खालच्याच गटात. पहिल्या मॅचला मी बाबांना रिक्षातून घेऊन गेले. टोपी, पाण्याची बाटली, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक काकांसाठी. मैदानाच्या दारापासून सावलीपर्यंत बाबा तीनदा थांबले. थांबले की आजूबाजूला बघायचे, जणू ओळखीचं कोणी शोधतायत. लोक येऊन पाया पडत होते, त्यामुळे थांबण्याचं कारण कोणाला कळलं नसेल. मी हात धरला नाही, फक्त बाजूने चालले.

खेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच दोघांचं सुरू झालं. काकांना दोन फॉरवर्ड हवे होते, बाबांना एकच. खेळ काही खास नव्हता. मध्यंतराला बाबा म्हणाले, "चाल घरी, बेकार खेळून राहिले."

"तुम्ही बसा," मी म्हणाले. "मला बघायचंय."

त्या दोघांना खुर्च्यांवर सोडून मी मैदानाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिथून डावी बाजू नीट दिसते.